‘नॉर्मल’ म्हणजे किती?

डोळ्यांच्या दवाखान्यात ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढं सांगून पेशंटला घरी पाठवू नये, आकडा कागदावर लिहून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बीपीचा आकडा आपल्याकडे चहाच्या टपरीवरही सांगितला जातो. डोळ्यातल्या दाबाचा आकडा मात्र ज्याचा डोळा त्यालाच ठाऊक नसतो.

माझ्या अब्बांना काचबिंदू होता. त्यांचं निदान झालं तेव्हा सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी कुणालाच सांगितलं नाही. रक्ताच्या नात्यात धोका कितीतरी वाढतो. फुफी मात्र ‘मोतीबिंदू आहे, पिकला की काढू’ म्हणत चार वर्षं थांबली. मोतीबिंदू काढला की दिसतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. फुफीचा एक डोळा गेला.

म्हणून मी दरवर्षी तपासून घेतो. मागे एका डॉक्टरांनी नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलं. आकडा विचारला तर म्हणाले, “तुम्हाला कळून काय करायचंय?” 19 निघाला. आदल्या वर्षी 14 होता. साधारण 10 ते 21 नॉर्मल धरतात, म्हणजे दोन्ही नॉर्मलच! पण पाचाने का वाढला, हे विचारायला दोन्ही आकडे हाती हवेत. हा दाब दिवसभर सारखा नसतो. कॉर्निया पातळ असेल तर यंत्र तो कमी दाखवतं. आणि 21च्या आत असूनही काचबिंदू होतो. तेव्हा डोळ्यामागची नस पाहिली का, कॉर्नियाची जाडी मोजली का, फील्ड टेस्ट लागेल का, हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान कसला? मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्सही दाब वाढवतात, तेही त्यांना सांगायला हवं.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न. रमजानमध्ये कित्येक जण ड्रॉप्स महिनाभर बंद ठेवतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. हनफी आणि शाफिई दोन्ही मतांनुसार डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा मोडत नाही, घशात चव जाणवली तरीही. ज्यांचं मन तरीही धजत नाही, त्यांनी डॉक्टरांना मोकळेपणी सांगून वेळा सहरी-इफ्तारला जुळवून घ्याव्यात. हे शाबानमध्येच विचारून ठेवलेलं बरं.