परत जायचा हक्क सही करून देऊ नका

माझा जन्म मुंब्र्यात झाला, १९९६ साली. "तुम्ही मूळचे कुठले?" असं कोणी विचारलं की दादी मध्य मुंबईतल्या एका चाळीचं नाव सांगायची आणि अब्बा विषय बदलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर आमच्या घरच्यांनी ती खोली सोडली. शेजारच्या वहिनींनी दोन रात्री सगळ्यांना आपल्या घरात लपवलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. पुढे पागडीची ती खोली मिळेल त्या किमतीला गेली. घेणाऱ्यालाही माहीत होतं की हे लोक परत येणार नाहीत; किंमत त्याच हिशेबाने ठरली. दादी गेल्या वर्षी वारली. तिच्या पत्र्याच्या पेटीत नातवंडांचे जन्मदाखले निघाले आणि रबर लावून ठेवलेल्या १९९२ पर्यंतच्या भाडेपावत्या.

आमच्या घराला कोणी कधी 'विस्थापित' म्हटलं नाही. आम्ही कुठल्या छावणीत राहिलो नाही, कुठल्या यादीत आलो नाही. आम्ही फक्त 'शिफ्ट झालो'.

हे आता सांगण्याचं कारण आहे. मागे आपल्याच तरुणांच्या एका बैठकीत विस्थापितांच्या परतीचा विषय निघाला. एक भाऊ म्हणाला, "परत कशाला जायचं? आपल्या माणसांत राहिलेलं बरं. जीव तरी वाचतो." बऱ्याच माना डोलल्या. मी तिथे गप्प बसले. ती चूक इथे दुरुस्त करते आहे.

त्या भावाच्या भीतीची मी टिंगल करत नाही. अब्बा पळाले म्हणून मी आहे. पळून जाणं हा जीव वाचवायचा हक्क आहे आणि तो कोणी कोणाला शिकवायला नको. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी. 'आपल्या माणसांत राहा' हे वाक्य दंगल करणाऱ्यांचंही आहे. त्यांना तेच हवं असतं. माणसं मारणं हा त्यांचा मार्ग असतो; वस्ती रिकामी करणं आणि ती रिकामीच ठेवणं हा हेतू असतो. पहिलं काम काही दिवसांत होतं. दुसऱ्या कामाला मात्र आपली मदत लागते, आणि आपण ती शहाणपण समजून देतो.

बोस्नियाचं उदाहरण घेऊ. सेब्रेनित्साचं नाव आपल्या मोबाईलवर दर जुलैत फिरतं. १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांच्यासाठी दुआ करावीच. पण बोस्नियात युद्धानंतर जे घडलं, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलंय, आणि आपल्या कामाचं ते जास्त आहे.

१९९२ ते १९९५ या काळात सुमारे ४४ लाख लोकसंख्येच्या त्या देशात २२ लाख माणसं घराबाहेर पडली. म्हणजे दर दोघांतला एक. डिसेंबर १९९५ मध्ये डेटन करारावर सह्या झाल्या. त्याच्या सातव्या परिशिष्टात साधी गोष्ट लिहिली होती: प्रत्येक विस्थापिताला आपल्या मूळ घरी परतण्याचा हक्क आहे, मालमत्ता परत मिळण्याचा हक्क आहे, आणि ती परत देणं शक्य नसेल तर भरपाईचा हक्क आहे. परत जायचं की नाही हे ज्याचं घर त्याने ठरवायचं.

कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात पहिली काही वर्षं जवळपास काहीच हललं नाही. युद्धाच्या काळात तिन्ही बाजूंच्या प्रशासनांनी कायदे करून पळून गेलेल्यांची घरं 'सोडून दिलेली' ठरवली आणि दुसऱ्यांना वाटली. सरकारी फ्लॅटांच्या बाबतीत तर युद्ध संपल्यावर काही दिवसांतच परत या, नाहीतर हक्क गेला, अशी मुदत होती. जर्मनीतल्या निर्वासित छावणीत बसलेली बाई त्या मुदतीत साराजेव्होला कशी येणार? मुदत ठरवणाऱ्यांना हे ठाऊकच होतं.

मग हळूहळू कुलपं उघडली, आणि ती कशी उघडली हे नीट बघण्यासारखं आहे. १९९८ मध्ये सगळ्या देशासाठी एकसारख्या गाड्यांच्या नंबरप्लेट आल्या. लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी अक्षरंच त्यांत वापरली. आधी प्लेट बघून गाडी कोणाची, सर्बाची की बोस्नियाकची, हे लांबूनच कळायचं, आणि त्यामुळे आपलं जुनं गाव नुसतं बघून यायलाही माणूस धजावत नसे. प्लेट बदलली आणि लोक फिरू लागले. नोव्हेंबर १९९९ मध्ये परतीत अडथळे आणणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना आंतरराष्ट्रीय प्रतिनिधींनी एका झटक्यात पदावरून काढलं. त्याच सुमारास घरं परत देण्याचा एकच नियम देशभर लावला गेला: अर्ज, कागद, निकाल, आणि घरात बसलेल्याला मुदतीत बाहेर. दोन लाखांहून जास्त दावे आले. २००४ पर्यंत त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त निकाली निघाले. त्याच वर्षी परतलेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. त्यांपैकी साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशा ठिकाणी परतली जिथे ती आता अल्पसंख्याक होती.

हे कोणाचं मन बदलल्यामुळे झालं नाही. प्रेमाची भाषणं झाली म्हणून तर मुळीच नाही. हक्क लिहिलेला होता, दाव्याला नंबर मिळत होता आणि अडवणाऱ्याची खुर्ची जात होती, म्हणून झालं.

बोस्नियाची गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. घर मिळालेल्या अनेकांनी ते विकलं आणि दुसरीकडे गेले. जिथे लोक परतले तिथे नोकरी मिळेना, पोलीस चौकीत तेच चेहरे, आणि कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत मुलांच्या दोन शाळा, वेगळ्या दारांच्या. कोन्येविच पोल्ये गावात परतलेल्या फाटा ओर्लोविच या विधवा बाईंना आपल्या अंगणात एक चर्च उभं दिसलं, तिच्या गैरहजेरीत बांधलेलं. १९९९ आणि २००१ मध्ये जमिनीबाबतचे निकाल कुटुंबाच्या बाजूने लागले, तरी चर्च हललं नाही. २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ते हटवायला सांगितलं. जून २०२१ मध्ये ते हटलं. एक अंगण परत मिळवायला वीस वर्षं.

बान्या लुकाची फर्हादिया मशीद १६ व्या शतकातली. मे १९९३ मध्ये ती स्फोटकांनी उडवली. मे २००१ मध्ये पुन्हा पायाभरणी होती, तेव्हा जमावाने हल्ला केला आणि एक वयस्क माणूस त्यात जखमी होऊन गेला. २०१६ मध्ये ती मशीद पुन्हा उघडली. पण उघडायला तिथे कोणीतरी राहायला हवं होतं. परतणारे नसते तर ती मशीद फोटोतच राहिली असती.

आता ज्या भागावर आपण बोलत नाही, त्याकडे येते. साराजेव्होमध्ये सत्ता प्रामुख्याने मुस्लिम नेत्यांच्या हातात होती. तिथून गेलेल्या सर्ब आणि क्रोएट लोकांची घरं परत देण्यात त्यांनीही टाळाटाळ केली. फेब्रुवारी १९९८ मध्ये साराजेव्हो जाहीरनामा निघाला. त्या वर्षात अल्पसंख्याकांतले किमान २० हजार लोक शहरात परत येतील असं ठरलं. ते लक्ष्य गाठलं गेलं नाही. जी माणसं प्रियेदोरमध्ये आपलं घर मागत होती, त्यांचेच नेते राजधानीत दुसऱ्याचं घर अडवून बसले होते. हे 'आपले' होते. म्हणून मी ते लपवू का?

लपवत नाही, कारण तोच प्रश्न आपल्याला काश्मिरी पंडितांबद्दल विचारला जातो आणि आपण तो टाळतो. १९९० पासून लाखाहून जास्त पंडित खोऱ्यातून बाहेर पडले. घरांची कुलपं गंजली, बागा कवडीमोलाने गेल्या. १९९७ मध्ये जबरदस्तीच्या विक्रीला आळा घालणारा कायदा तिथे करावा लागला, यावरूनच काय चाललं होतं ते कळतं. नोकरीच्या योजनेतून परत गेलेल्यांपैकी एकाला मे २०२२ मध्ये बडगाम जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयात घुसून मारलं. पंडितांचं दुःख कोणीतरी आपल्याविरुद्ध वापरतं, हे खरं. म्हणून ते दुःख खोटं होत नाही. दादीच्या भाडेपावत्यांना मी किंमत देते, तर बारामुल्लाच्या एखाद्या आजीने जम्मूच्या क्वार्टरमध्ये जपलेल्या किल्लीलाही द्यावी लागेल. जो हक्क मी फक्त माझ्या माणसांसाठी मागते तो हक्क राहत नाही, ती ताकद असते. आणि ताकद आज आपल्याकडे नाहीच.

आता मुझफ्फरनगर. २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे साठहून जास्त माणसं मेली आणि पन्नास हजारांहून जास्त, बहुतेक मुसलमान, गावं सोडून छावण्यांत आली. थंडीत छावण्यांमध्ये लहान मुलं दगावली. तेव्हा उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाचं सरकार होतं. त्याने काही गावांतल्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये देऊ केले. अट एकच: आम्ही आमच्या गावी परत जाणार नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

ती अट पुन्हा वाचा. डेटनमध्ये भरपाई होती ती परतीच्या हक्काच्या जोडीला. इथे भरपाई होती ती हक्काच्या बदल्यात. दंगलखोरांनी जे काठी-कोयत्याने सुरू केलं, ते सरकारने स्टॅम्पपेपरवर पूर्ण केलं, आणि ते सरकार स्वतःला आपलं कैवारी म्हणवत होतं. ज्यांनी सह्या केल्या त्यांना मी दोष देत नाही. तंबूत आजारी मूल घेऊन बसलेली आई दुसरं काय करणार? दोष आपला आहे. आपल्या जमातींनी, संघटनांनी ब्लँकेट नेली, बिर्याणीची देगही नेली, नंतर वसाहती बांधल्या. ही मदत लागतेच. पण ते प्रतिज्ञापत्र अडवायला किती वकील नेले? 'ही अट काढा' म्हणून आपल्यापैकी किती जण रस्त्यावर आले?

कोणी म्हणेल, गावात परत जाऊन पुन्हा मार खायचा का? नाही. परत जायचा हक्क म्हणजे परत जायची सक्ती नव्हे. ज्याला नव्या जागी राहायचंय त्याने राहावं, पूर्ण भरपाई घेऊन. पण हक्क शाबूत असला की गावातल्या जमिनीचा भाव पडत नाही, मतदारयादीतलं नाव टिकतं, गुन्हा मागे घ्या म्हणून दबाव आणणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. हक्क सही करून दिला की यांतलं काहीच उरत नाही. अब्बांच्या बाजूने असा हक्क उभा असता तर ते कदाचित तरीही मुंब्र्यालाच आले असते. पण खोली रडत विकावी लागली नसती.

मग करायचं काय? आपल्या हातात असलेल्या चार गोष्टी सांगते.

एक, मदतीचं पथक जाईल तेव्हा अन्नाच्या गाडीबरोबर कागदांचं टेबल लागलंच पाहिजे. रेशनकार्ड, वीजबिल, सातबारा किंवा त्या राज्यातला जमिनीचा उतारा, भाडेपावती, शाळेचा दाखला, जे जळालं त्याची यादी. पहिल्या आठवड्यात फोटो काढून ठेवा. ज्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही तिचा जबाब आधी घ्या.

दोन, परत न येण्याची अट असलेली कुठलीही भरपाई कायद्याने रद्द ठरावी, ही मागणी आपली कायमची मागणी असावी. देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं १९९८ पासून आहेत आणि त्यांत स्वेच्छेने, सुरक्षितपणे परतण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. भारतात त्यासाठी राष्ट्रीय कायदा नाही. तो मागा.

तीन, परतणाऱ्यांसाठी पैसा गोळा कराल तेव्हा मशिदीच्या दुरुस्तीबरोबरच शाळा आणि रोजगारासाठीही करा. शाळा एक नसेल तर पुढची पिढी वेगळ्या दारातून जाते.

चार, आपली नसलेली माणसं मोजा. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर फेकली गेली. कुकी डोंगरांत, मैतेई खोऱ्यात, मध्ये अडवलेले रस्ते. कोणाचं घर कुठे आहे हे आता आडनावावरून ठरतं. तिथल्या भांडणातल्या दोन्ही बाजू मुसलमान नाहीत. म्हणून आपल्या ग्रुपवर त्याबद्दल किती पोस्ट आल्या, हे आपापलं तपासा. मी तपासलं. माझ्या ग्रुपवर दोन आल्या होत्या, आणि त्यांतली एकही मी टाकलेली नव्हती.

बैठकीतल्या त्या भावाला मी नंतर फोन केला. त्याचं कुटुंब कुठून आलं, असं विचारलं. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "आमचीपण भिवंडीआधी दुसरीकडे खोली होती. अम्मीला माहीत असेल."

मी म्हटलं, अम्मीला विचार. आणि काही कागद असेल तर फोटो काढून ठेव.