गुळाचा चहा आणि रक्तातली साखर

गेल्या काही वर्षांत राज्यभर ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या वाढल्या. बुलढाणा जिल्ह्यातील शहरेही त्याला अपवाद नाहीत. चहा चवीला छान असतो, त्याला हरकत नाही. अडचण होते ती मधुमेही माणूस ‘साखर सोडली, आता फक्त गूळ’ असे समाधानाने सांगतो तेव्हा. गोळ्या चालू असतात, भातही कमी केलेला असतो, तरी रक्तातली साखर खाली येत नाही.

साखर म्हणजे जवळपास शुद्ध सुक्रोज. गुळातही ६५ ते ८५ टक्के सुक्रोजच असते. उरलेल्यात सुटे ग्लुकोज व फ्रुक्टोज, पाणी आणि थोडी खनिजे. खडीसाखर, पिठीसाखर ही तीच साखर, एक मोठ्या खड्यांची, दुसरी दळलेली. दहा ग्रॅम साखरेतून ४० उष्मांक मिळतात, तेवढ्याच गुळातून साधारण ३८. राहिले लोह. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. चहातल्या चमचाभर गुळातून त्याचा किरकोळ अंशच मिळतो.

मग इतके प्रकार कशाला? स्वयंपाकासाठी. गुळातल्या सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे पाकाची साखर लवकर धरत नाही, म्हणून तिळाच्या वड्यांना गूळच हवा. श्रीखंड शिजवायचे नसते, तिथे चटकन विरघळणारी पिठीसाखर बरी. गूळ किंचित आंबट असल्याने उकळत्या दुधात टाकला की चहा फाटतो. साखरांबा काय, गुळांबा काय, कैरी तीच. दोन्हींत गोडी पाणी धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही. टिकण्याचे गुपित एकच आणि शरीरात होणारा परिणामही जवळपास एकच.

हा घोळ महत्त्वाचा आहे, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्के असेल तर उत्तम. म्हणजे दिवसाला सुमारे पाच चमचे. या हिशेबात मधही येतो.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पेयात किती साखर, हे मुलांना दिसावे, हा हेतू. चांगलेच आहे. पण बुलढाण्यातील बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या आणि राज्य मंडळाच्या शाळांत शिकतात. सीबीएसईचा आदेश तिथे लागू होत नाही. तिथेही असा फलक लावता येईल. खडू-फळ्यावर भागते. त्यावर थंड पेयाशेजारी गुळाच्या चहाचाही आकडा हवा.

एका प्रसंगी मात्र प्रकार पाहून निवड करावी. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर गुळाचा खडा चघळत बसू नये. ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.