पानावर कोणता माल, किती माल, हे दुकानदारानेच ठरवावं

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण केकपीएचपीमधला कंट्रोलर पाहिला. पेजिनेशनचा भाग आला आणि बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हे तर डेव्हलपरचं काम, आम्हाला कशाला?" माझं मत स्पष्ट आहे: ही सेटिंग म्हणजे तुमच्या दुकानाची मांडणी आहे. ती तुम्हीच ठरवायची.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. साइटवर ३२० साड्या. लिमिट दिलेली नव्हती, म्हणून फ्रेमवर्कच्या डिफॉल्टप्रमाणे पानावर २०, म्हणजे १६ पानं. क्रमही दिला नव्हता. जुना माल आधी दिसायचा. दिवाळीसाठी उधारीवर भरलेला नवा माल थेट सोळाव्या पानावर! तिथपर्यंत गिऱ्हाईक जातंय कशाला? ताईंना वाटलं डिझाइनच आवडत नाहीत, आणि त्या भाव पाडायला निघाल्या. म्हटलं, ताई, थांबा. आधी मांडणी बदला.

उपाय छोटा आहे. कंट्रोलरमधल्या पेजिनेट सेटिंगमध्ये क्रम द्या: आधी नोंदीची तारीख, नवी वर, मग आयडी. आयडी कशाला? एकदम भरलेल्या मालाची तारीख-वेळ सारखी असली तर क्रम पक्का राहत नाही. एखादी साडी दोन पानांवर दिसते, दुसरी कुठेच नाही.

लिमिट किती? मी २४ सांगतो. मोबाईलवर दोन, टॅबवर तीन, कॉम्प्युटरवर चार कॉलम ठेवा, तिन्हीकडे ओळ पूर्ण भरते. "सगळं एकाच पानावर टाका" म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा: एक फोटो १०० केबीचा धरला तरी ३२० फोटोंचे ३२ एमबी. गिऱ्हाईकाचा डेटा जातो, आणि मागोमाग गिऱ्हाईकही.

तिसरी सेटिंग मॅक्सलिमिट. साइटच्या पत्त्यात लिमिटचा आकडा बदलून कोणीही एका पानावर जास्त माल मागू शकतं; डिफॉल्टने ही मर्यादा १०० आहे. सोय म्हणून ती ५००० करू नका. सर्व्हरवर विनाकारण ताण येतो.

कोड डेव्हलपरला लिहू द्या. पण आज एक काम कराच: मोबाईलवर स्वतःची साइट उघडा आणि पहिलं पान पाहा. आधी विकायचाय तो माल हाच का? नसेल तर डेव्हलपरला फोन लावा आणि तीनच गोष्टी सांगा: क्रम, लिमिट, मॅक्सलिमिट.

भेटू पुढच्या व्हिडिओत!