आवाज आहे, सनद नाही

मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन आम्ही धुळ्याहून एसटीने जळगावला गेलो होतो. एक सकाळ जैन हिल्सवरील गांधीतीर्थासाठी राखून ठेवली होती. 25 मार्च 2012 रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी, एवढीच आमच्या पिढीची कल्पना. इथे मात्र पडद्याला बोट लावले की चित्र पुढे सरकते आणि कानाला यंत्र लावले की माहिती ऐकू येते. मुले एरवी इतिहासाच्या पुस्तकाला कंटाळतात, पण तिथून हलायला तयार नव्हती.

बाहेर आल्यावर धाकटीने विचारले, “अब्बू, बडी फुफीचा आवाजही असा ठेवता येईल का?”

आमची बडी फुफी मागच्या हिवाळ्यात अल्लाहला प्यारी झाली. घरातल्या लग्नात हळदीच्या रात्री ढोलकीवर गाणी म्हणावीत तर तिनेच. त्या गाण्यांत उर्दू असे, मराठी असे, मध्येच अहिराणीही येई. चार वर्षांपूर्वी एका लग्नात आम्ही ती मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. घरी येताच शोधाशोध केली आणि फाइल सापडली. फुफीचा आवाज ऐकून सगळ्यांचे डोळे भरून आले.

मग प्रश्न सुरू झाले. मागून साथ देणारी बाई कोण? अम्मी म्हणाल्या, चोपड्याची खाला. भाभी म्हणाल्या, छे, खाला त्या लग्नाला आल्याच नव्हत्या. यातले एक गाणे फुफी आपल्या नानीकडून शिकली होती, हे सर्वांना आठवत होते. पण ते कोणते, हे कोणालाच सांगता येईना. फाइलला नाव नव्हते, नुसते आकडे होते. आवाज जसाच्या तसा होता, पण त्याची सनद हरवली होती.

सनद हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. मराठीत सनद म्हणजे अधिकाराचा कागद. हदीसच्या शास्त्रात सनद किंवा इस्नाद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी: हे कोणी ऐकले, कोणाकडून ऐकले, त्याला कोणी सांगितले. मूळ अरबी शब्द एकच. इमाम बुखारींच्या काळी, म्हणजे हिजरी तिसऱ्या शतकात, ना छापखाना होता ना ध्वनिमुद्रण. तरीही मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतली एक कडी तुटली तर मुहद्दिस तो जपूनच घेत. आमच्या खिशात आज मोबाइल आहे आणि साखळीची पहिली कडीसुद्धा आम्हाला सांगता येत नाही.

हीच शिस्त आपल्या धुळ्यातही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले. वाळवी लागलेली दप्तरे त्यांनी वाचवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे खंड छापले. 1926 च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि 1927 साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद कोणाच्या घरचा आणि कोणत्या काळचा, हे कळले तरच तो इतिहासाच्या कामाचा.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गात. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती गाणी कागदावर उतरवून घेतली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली पुस्तक आले. तेव्हाचे तंत्रज्ञान म्हणजे वही आणि टाक. पण लिहिणारा घरचा होता, आणि गाणे कोणाचे हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता तर यंत्र खोटा आवाज बनवते. न काढलेला फोटोही तयार करते. उद्या आपल्या नातवंडांना कोणी फुफीच्या आवाजात भलतेच गाणे ऐकवले, तर खरे-खोटे कशावरून ठरवणार? कानांवर भरवसा ठेवता येणार नाही. रेकॉर्डिंगसोबत कोणाची तरी साक्ष लागेल, आणि ती आजच नोंदवावी लागेल.

वाचक भगिनी-बंधूंनो, हे काम अवघड नाही. रेकॉर्डिंग सुरू होताच बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने सांगा. फाइलला तेच नाव द्या आणि तिच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा, बॉलपेनने नको. मोडी, फारसी किंवा उर्दू कागद असतील तर फ्लॅश न वापरता दिवसाच्या उजेडात फोटो काढा. त्यांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फोटो काढला म्हणून मूळ कागद रद्दीत टाकू नका. आणि सर्वांत आधी परवानगी विचारा. घरातल्या बाईचा आवाज ही अमानत आहे; तो कोणी ऐकायचा हे तिने ठरवायचे.

परवा धाकटीने दादीसमोर मोबाइल धरला. “दादी, पहले आपका नाम बताइए.”

“मेरा नाम नहीं मालूम तुझे?”

खरेच तिला ठाऊक नव्हते. घरात सगळे ‘अम्मी’ किंवा ‘दादी’च म्हणतात. मग अम्मींनी आपले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, आजोबांचे सांगितले, आणि पारोळ्याजवळच्या ज्या गावातून त्या लग्न होऊन आल्या त्या गावाचेही. त्यांच्या आजोबांचे नाव आम्हीही पहिल्यांदाच ऐकले. शेवटी त्या म्हणाल्या, “घरवालों को सुनाना, ग्रुप पर मत डालना.”

धाकटीने तेही रेकॉर्ड केले.