वेरूळच्या वाटेवर, पुन्हा एकदा

आमचे पडेगाव औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जगभरचे पर्यटक आमच्या दारावरून जातात. त्यांच्या गाड्यांची धूळ आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पण गटाच्या बैठकीत मी चौदा जणींना विचारले, "वेरूळ कुणी कुणी पाहिलंय?" तेव्हा हात वर आले पाच. त्यातल्या दोघी घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन परतलेल्या, लेणी त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलेली. एक शाळेच्या सहलीत गेली होती. चौथी लग्नानंतर नवऱ्याबरोबर गेली होती. ती म्हणाली, "हे पुढं पुढं चालत व्हते. मी लेकराला घेऊन झाडाखाली बसले. तेवढंच वेरूळ."

पाचवा हात माझा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका शिबिरानंतर आम्ही कार्यकर्त्या तिथे गेलो होतो. तेव्हा मी चिडून परत आले होते. भिंतीभर बाईचे शरीर, आणि कर्तृत्व मात्र राजाचे, असे मला वाटले होते. परतल्यावर मी एक तावातावाचे टिपण लिहिले होते आणि पुढे बरीच वर्षे या वारशाकडे पाठच फिरवली होती. आज वाटते की ती पाठ फिरवणे ही चूक होती. का, ते सांगते.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ८ मार्चला स्त्रियांना प्रवेश मोफत असतो. हा निर्णय २०१९ पासूनचा. म्हणून आम्ही ठरवले की यंदा सभा-भाषणे नकोत, सहल काढू. तिकीट नव्हते, पण गाडीभाडे होतेच, आणि धुण्याभांड्याला जाणाऱ्यांचा खाडाही होता. "कामून चालल्या? देवाला का?" असे घरोघरी विचारले गेले. देवाला म्हटले असते तर कुणी अडवले नसते. बाईने नुसते पाहायला जायचे, याला आपल्याकडे अजून कारण द्यावे लागते. शेवटी अकरा जणी निघालो.

आधी उलटे शहरात, बीबी का मकबऱ्याला गेलो. तिथे एक मार्गदर्शक दुसऱ्या मंडळींना माहिती देत होता, ती आम्हीही ऐकली. खर्च किती आला, तर सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. दारावर नावे कुणाची, तर वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. ताजमहालापेक्षा हा कसा लहान, म्हणून 'गरिबांचा ताज', हेही झाले. जिच्यासाठी हे उभे राहिले ती दिलरस बानू कशाने गेली, ते मात्र त्याने सांगितले नाही. आमच्यातल्या आशाताईने विचारले. त्याला ठाऊक नव्हते.

मी सांगितले की पाचव्या बाळंतपणानंतर महिन्याभरात, १६५७ साली. वय पस्तिशीच्या आसपास. आणि आग्ऱ्याच्या ताजमधली तिची सासू मुमताज महल १६३१ साली गेली ती चौदाव्या बाळंतपणात. आशाताई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे दोन्ही ताज बाळंतपणातल्या मरणाचेच की. आम्हाला तर असा एक मृत्यू झाला की रकानेच्या रकाने भरावे लागतात."

दख्खनच्या ताजपुढे आजवर शेकडो भाषणे झाली असतील, पण हे वाक्य त्यांतल्या किती जणांना सुचले असेल? प्रेमाचे स्मारक म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ते बाईच्या शरीरावर लादलेल्या बाळंतपणांचेही स्मारक आहे. खर्चाचा हिशेब आण्यापर्यंत राहिला. बाईचे नावसुद्धा मरणानंतरच्या 'राबिया-उद-दौरानी' या पदवीखाली झाकले गेले.

तिथून पाणचक्की जवळच. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून काही कोस आणून त्याच्या जोरावर जाते फिरवायचे, आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी व मुक्कामी येणाऱ्यांसाठी धान्य दळायचे, ही अठराव्या शतकातली सोय. आमच्या गटातल्या आपा जात्याच्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या सासूने आयुष्यभर हाताने दळले. पाण्याने दळण होते हे माणसाला माहीत होते, पण ती सोय घरातल्या बाईपर्यंत आणावी असे दोनशे वर्षे कुणाला वाटले नाही. बाईचे हात फुकट होते ना! महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या खेडोपाडी फिरून गोळा केल्या. तोही वारसाच. पण त्याची पाटी कुठल्या रस्त्यावर लागलेली नाही. आणि पाण्याचे म्हणाल, तर त्याच मलिक अंबरच्या नहरींच्या शहरात आम्ही वर्षानुवर्षे अनेक दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. हंडे भरण्याची पाळी कुणावर येते ते सांगायला नको.

दौलताबादचा किल्ला आम्ही गाडीतूनच पाहिला, चढायला वेळ नव्हता. पुढे खुलदाबाद. इथे मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. औरंगजेबाची साधी, उघडी कबरही इथेच. २०२५ च्या मार्चमध्ये तिच्यावरून राज्यभर वातावरण तापले, नागपुरात दंगल झाली. त्या दिवसांत आमच्या वस्तीत आपांच्या घरचा दरवाजा चार दिवस बंद होता आणि शेजारणींनी भाजी खिडकीतून आत दिली. वारशाचे भांडण पेटले की आधी चूल विझते ती बाईची. मेलेल्या बादशहाचे काय करायचे यावर पुरुष मंडळी सभा गाजवतात. फुले, सीताफळे, चहा विकून पोट भरणारीचे गिऱ्हाईक तुटते, त्याचा ठराव कुठलीच सभा करत नाही. आपा त्या दिवशी खुलदाबादच्या रस्त्यावर आमच्याबरोबर मोकळेपणाने चालल्या. मला त्या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते.

दुपारी वेरूळ. १९८३ पासून जागतिक वारसा, चौतीस लेणी. कैलास लेण्यात वरून खाली कोरत आलेला अखंड दगड पाहून आम्ही सगळ्या काही वेळ नुसत्या उभ्या राहिलो. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा कृष्णाचे नाव या लेण्याशी जोडलेले आहे. कोरून काढलेला दगड दीड-दोन लाख टन असावा, असा अंदाज सांगतात. आमच्यातली सगळ्यात वयस्क मावशी खाली वाकून जमिनीकडे बघत होती. १९७२ च्या दुष्काळात तिने आईच्या जोडीने खडी फोडली होती. तिने विचारले, "एवढा दगड फोडला खरा. पर उचलून बाहेर कुणी टाकला? किती हजेरी लागली असंल?"

पुस्तकात याचे उत्तर नाही. पण प्रश्न बरोबर आहे. दुष्काळी कामावर पाटी बाईच्या डोक्यावर होती, हे आपण पाहिलेले आहे. बाराशे वर्षांपूर्वी ती नव्हतीच, असे कुणी छातीठोकपणे सांगू नये. तरुणपणी मी भिंतीवरच्या बायांकडे पाहून रागावले होते. मावशीने ज्या बाया भिंतीवर नाहीत त्या पाहिल्या.

आणि भिंतीवर तरी नुसत्या नटव्या बाया आहेत का? सप्तमातृका ओळीने बसलेल्या आहेत. त्या पाहून "ह्या तर आपल्या साती आसराच" असे एकीने म्हटले आणि हात जोडले. बौद्ध लेण्यांत तारा आहे, महामायूरी आहे. औरंगाबादच्या लेण्यांत नाचणारी एक जण आहे आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या सगळ्या बायाच आहेत. त्या वेळी मी हे बघितलेच नव्हते, कारण काय दिसणार ते मी आधीच ठरवून गेले होते.

शेवटी घृष्णेश्वर. अठराव्या शतकातल्या जीर्णोद्धारासाठी इथे अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतले जाते. देवाचे नाव मात्र एका साध्या बाईवरून पडले आहे. सुधर्मा आणि सुदेहा यांना मूल नव्हते. सुदेहानेच आपल्या नात्यातली घुष्मा सवत म्हणून आणली. कुठे ती बहीण आहे, कुठे भाची. घुष्माला मुलगा झाला, सुदेहाने मत्सराने त्याला मारून तळ्यात टाकले. तो जिवंत झाला, आणि घुष्माने सुदेहाला क्षमा मागून घेतली. कथेत एक दुष्ट, एक देवभोळी. सुधर्मा मात्र दोघींच्या मध्ये सुखरूप! मूल नाही म्हणून स्वतःच्या हाताने सवत आणावी लागलेल्या बाईचे दुःख कुणी विचारत नाही. नव्वदच्या दशकात परित्यक्तांच्या प्रश्नावर काम करताना आपण किती सुदेहा पाहिल्या! पण घुष्माने सुदेहाला शाप मागितला नाही, क्षमा मागितली, हेही त्याच कथेत आहे. तेवढे आपण घेऊ या.

आता मुद्द्यावर येते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात ब्रोकन हिल नावाचे खाणींचे शहर आहे. २०१५ साली ते अख्खे शहर त्या देशाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेले, असे ते पहिलेच. कामगार लढ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९२० साली तिथल्या खाणकामगारांनी पस्तीस तासांचा आठवडा मिळवला. आणि त्याच शहरात थोडे अपवाद सोडता १९८१ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नोकरी करू दिली जात नसे. हा नियम चालवला तो कामगार संघटनांनी! एका विवाहितेने कायद्याचा आधार घेतला तेव्हा तो मोडला. म्हणजे वारशाची पाटी लागली तरी तीत बाईचा हिशेब आपोआप येत नाही. तिथे नाही, इथेही नाही. तो मागावा लागतो.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न समोर असताना लेणी-मकबरे कशाला? मीही असेच म्हणत होते. पण आमच्याच रस्त्यावर पर्यटनाच्या नावाने रस्ता रुंद होतो आणि पहिली उठते ती सीताफळाची टोपली. २०१८ साली शहराचा कचरा कुठे टाकायचा, तर पडेगाव-मिटमिट्याकडेच बोट दाखवले गेले. पर्यटकाला दिसू नये ते आमच्या वाट्याला येते. वाटेत एका ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप होते. किल्ली कुणाकडे, कुणालाच माहीत नव्हते. आमच्यातल्या एकीची पाळी चालू होती. हे रोजीचे, आरोग्याचे आणि फिरण्याच्या हक्काचे प्रश्न आहेत. ते वारशाच्या बाहेरचे नाहीत.

म्हणून आमच्या गटाने चार मागण्या लिहून काढल्या. स्थानिक बायांना आणि मुलींना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण मिळावे, म्हणजे दिलरस कशाने गेली ते कुणीतरी सांगेल. विकणाऱ्या बायांना ठरलेली, सावलीची जागा मिळावी. स्वच्छतागृहे उघडी आणि पाणी असलेली असावीत. आणि ८ मार्चला नुसते तिकीट माफ न करता वस्त्यांतून बस सोडावी.

परतताना गाडीत अंधार पडला होता. मावशी म्हणाली, "पुढच्या बारीला सूनबाईला आणते. तिला म्हणीन, दगड बघ आधी, मंग देव."

आपापल्या गावातला किल्ला, मठ, दर्गा, बारव पुन्हा एकदा जाऊन बघा. एकट्या नको, गटाने जा. आणि परत आल्यावर घरी कोण काय म्हणाले, तेही लिहा.