मृगाचं नक्षत्र आणि लॉन्सचे दिवे

मागे या सदरात मी जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ घ्या म्हणून लिहिलं होतं आणि वाचकांनी ते मनावर घेतलं. पंडित कॉलनीपासून मखमलाबादपर्यंतच्या लोकांनी पुस्तक आणलं, वाचलं आणि कसं वाटलं ते न विसरता कळवलं. याचा आनंद मोठा आहे. पण या आठवड्यात आलेले काही अभिप्राय वाचून डोकं तापलं. त्यांना एकेकट्याला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते.

आधी ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी. पुस्तक राजहंस प्रकाशनाचं, 1998 सालचं. नारळीकर 1938 साली कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी संशोधन केलं, 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि 2025 च्या मे महिन्यात गेले. नाशिककरांचा त्यांच्यावर जरा जास्तच हक्क आहे, कारण 2021 च्या डिसेंबरात आडगावला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही, ती हुरहुर अजून आहे.

आता अभिप्राय. एका गृहस्थांनी कळवलं, पुस्तक जाड आहे, पण ‘साडेसातीबद्दल एक ओळ नाही’. त्यांना दोष तरी कसा देऊ? ज्या दुकानातून त्यांनी ते घेतलं तिथे ते पंचांग, हस्तसामुद्रिक आणि वास्तुशास्त्राच्या कप्प्यात ठेवलेलं होतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. ज्या माणसाने फलज्योतिषाची उघड परीक्षा घेतली त्याचं पुस्तक त्या कप्प्यात! 2008 मध्ये नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या होत्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं होतं. उत्तरं बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं आणि पुस्तक उचलून विज्ञानाच्या कप्प्यात ठेवलं. त्याचे मनापासून आभार.

दुसरा अभिप्राय ‘पुस्तक जुनं झालं’ असा. प्लूटो 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतून निघाला, तेव्हा जुनी आवृत्ती काय कामाची, असं एका तरुणाचं म्हणणं. अरे बाबा, प्लूटो तुला नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसणार नव्हता. व्याध पूर्वी होता तिथेच आहे, सगळ्या आकाशात तेजस्वी, आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर. नवशिक्याने आधी तो ओळखावा. प्लूटोच्या एका ओळीवर पेन्सिलीने टीप लिही आणि पुढे वाच.

मला खरा आवडला तो गंगापूर गावाकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा फोन. ते रागावले होते आणि त्यांच्या रागाला कारण होतं. म्हणाले, ‘ताई, तुम्ही लिहिता पौषात संध्याकाळी पूर्वेला मृग बघा. आमचा मृग सात जूनला लागतो. चार पिढ्या त्यावर पेरण्या केल्या. तुमचं चुकलंय की पुस्तकाचं?’ दोघांचंही चुकलेलं नाही, आणि त्यांचं तर मुळीच नाही. जूनमध्ये मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. त्यामुळे मृगाचे तारे तेव्हा सूर्याबरोबर उगवतात, भर दुपारी डोक्यावर असतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. उजेडात ते दिसायचे कसे? सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोहोचते, मग सूर्य मावळला की मृग उगवतो आणि रात्रभर दिसत राहतो. मार्गशीर्षाची पौर्णिमा मृगाजवळ होते ती त्यामुळेच. महिन्याला नावही त्यावरूनच मिळालं. एवढं सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, मग ते म्हणाले, ‘म्हणजे पेरणीच्या वेळी मृग डोक्यावर असतो, फक्त दिसत नाही.’ मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. ग्रहगणित कोळून प्यायलेल्यांपेक्षा हा वाचक आकाशाच्या जवळचा आहे आणि आकाशाची पहिली ओळख करून देणारी पुस्तकं अशाच माणसांसाठी लिहिली जावीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं, त्याला जोडनाव दिलं ‘रात्रीची दोन घटका मौज’. रात्री अंगणात बसणारा वाचकच त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आणि इथेच तो चौथा अभिप्राय येतो, ज्याने मला झोप लागू दिली नाही. जेहान सर्कलजवळ राहणाऱ्या एका आईने लिहिलं: मुलीला पुस्तक आवडलं, चित्रं आवडली, तिने मृगाची आकृती वहीत काढली, मग दोघी गच्चीवर गेल्या. तिथे चारच चांदण्या. मुलीने विचारलं, ‘पुस्तकात खोटं लिहिलंय का?’

पुस्तकात खोटं नाही, बाळ. आपल्या रस्त्यावर उजेड फार आहे. आनंदवल्लीच्या पुढे पूर्वी मळे होते, अंधार होता, सोमेश्वरहून परतताना आकाश दाट भरलेलं दिसायचं. आता एकापाठोपाठ एक लॉन्स आहेत. लग्नसराईत प्रत्येक लॉन्सवर शार्पी लावतात, ते पांढरे झोत ढगांपर्यंत जाऊन फिरत राहतात. नवरा-नवरी खाली, उजेड वर. वऱ्हाडी पंगतीत असतात तेव्हाही झोत फिरतच असतात. इमारतींच्या दर्शनी भिंतींवर खालून वर रोखलेले दिवे रात्रभर चालू. रस्त्यावरचे कित्येक दिवे असे तिरके बसवलेत की निम्मा उजेड डांबरावर आणि निम्मा आकाशात. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे, निदान पोलीस येतात. उजेडाला कसलीच मर्यादा नाही.

कृत्तिकांचा पुंजका चांगल्या अंधारात पाहिला तर नुसत्या डोळ्यांनी सहा तारे सुटे मोजता येतात. गंगापूर रोडवरून तिथे एक पुसट डाग दिसतो, तोही दिसला तर. अगस्त्य हा व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा, पण नाशिकहून तो दक्षिणेला क्षितिजापासून सतरा अंशांच्या वर कधी चढत नाही. तिकडे सातपूर-सिडकोचा उजेड पसरलेला. ज्या ताऱ्याला आपल्या पुराणांनी ऋषी केलं, तो शोधायला मुलांना शहराबाहेर न्यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि उजेड आवरणं आपल्याला जमण्यासारखं नाही असंही नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आहेत. त्या रेडिओलहरी टिपतात, त्यात रेल्वेचा अडथळा नको म्हणून आपल्या नाशिक-पुणे रेल्वेचा मार्ग नव्याने ठरवायची वेळ आली. शास्त्रज्ञांच्या दुर्बिणीसाठी रेल्वेमार्ग बदलता येत असेल, तर शाळकरी मुलीच्या डोळ्यांसाठी दिव्याला टोपी का घालता येऊ नये? नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. तिथल्या लोकांचं काही अडलं नाही, उलट रस्ता नीट दिसायला लागतो, कारण उजेड लागतो तिथेच पडतो.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे आणि ती मी महापालिकेला लेखी देणार आहे. लॉन्सवर आकाशाकडे रोखलेले झोत बंद. नव्या पथदिव्यांना झाकण आणि उजेड पांढऱ्याऐवजी पिवळसर. इमारतींचे शोभेचे दिवे अकराला बंद. सोसायट्यांनी तिसरी गोष्ट आजच करावी, त्याला ठराव लागत नाही, बटण लागतं. पत्रावर सह्या करायच्या असतील त्यांनी सदराच्या पत्त्यावर नाव कळवावं. लॉन्सच्या मालकांनीही कळवावं, त्यांचं म्हणणं मी छापीन.

दुर्बीण कोणती घेऊ, असं विचारणाऱ्या काकांना: सध्या कोणतीच नको. आधी महिनाभर डोळ्यांनी बघा, मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ओळखायला शिका. मग 10×50 ची द्विनेत्री घ्या आणि मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली धरा, तिथे धुरकट तेजोमेघ दिसेल, त्यात नवे तारे जन्मतायत. हात हलत असतील तर कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. आणि निघण्यापूर्वी जिन्यातला दिवा बंद करायला विसरू नका.