जनरेटर जोडताना घाई नको

वाशीम जिल्ह्यात आम्हा कापडवाल्यांपैकी आणि शिलाई कारागिरांपैकी अनेकांनी छपरावर सोलर बसवले. पण पावसाळ्यात दोन-तीन दिवस ढग हटले नाहीत की बॅटरी उतरते. ऐन सणाच्या शिलाईत मशीन थांबू नये म्हणून आम्ही जनरेटर आणतो आणि घाईत इन्व्हर्टरच्या आउटपुटवरच जोडतो. दोन्हीकडची वीज एकमेकींवर आदळते, इन्व्हर्टर जळतो. जनरेटरची वायर इन्व्हर्टरच्या एसी इनपुटलाच द्यावी. नाहीतर फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विच मध्ये घालावा. 24 व्होल्टची बॅटरी 20 अँपिअरने भरताना सुमारे 600 वॅट लागतात. मशीनच्या भारात तेही धरूनच जनरेटर घ्यावा. स्विचचे पैसे वाचवून इन्व्हर्टर घालवणे, हा कुठला व्यापार? बांधवांनो, हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.